डबा ओटीवर, काम मागच्या खोलीत: वायफायबद्दल वाचकांचे प्रश्न

नमस्कार मंडळी. मागच्या अंकात फायबर जोडणीबद्दल लिहिलं होतं, त्यावर आलेली बरीचशी पत्रं एकाच दुखण्याची आहेत. फायबर आलं, स्पीडही आला, पण फायबरचा डबा, म्हणजे कंपनीनं बसवलेला राउटर, पुढच्या खोलीत आणि काम करणारं माणूस मागच्या खोलीत. म्हणून यावेळचं सदर त्याच विषयाला दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि पत्रं थोडी कापलीत, राग मानू नका.

प्रश्न: ताई नमस्कार. आमचं घर संगमेश्वर तालुक्यात, जुनं जांभ्याचं. पुढं ओटी, मग माजघर, मग स्वयंपाकघर आणि त्याच्या मागं पडवी बंद करून आम्ही एक खोली काढलीय. फायबरचा डबा ओटीवर लावलाय. सून घरून काम करते, तिला मागचीच खोली दिलीय कारण तिथं शांतता असते, पण मोबाईलवर एक कांडी येते, मीटिंगमध्ये सगळ्यांचे चेहरे गोठतात आणि पावसात तर तेवढंही राहत नाही. मुलाचा पुण्यातला जुना राउटर कपाटात पडून आहे, चालू आहे. दुकानदार म्हणतो मेश सेट घ्या, म्हणजे मिळून एकच वायफाय देणारे दोन-तीन राउटर, साडेसहा हजार. जुन्यावर भागेल का? मी निवृत्त शिक्षक आहे, कॉम्प्युटर थोडाफार येतो, नीट सांगितलंत तर मी स्वतः करीन.
(एक वाचक, जि. रत्नागिरी)

उत्तर: गुरुजी, भागेल, आणि मेश सेटपेक्षा चांगलं भागेल. फक्त ओटीपासून मागच्या खोलीपर्यंत एक केबल ओढायची तयारी ठेवा. माझं सगळं म्हणणं फिरून फिरून इथंच येतं म्हणून आधीच सांगून टाकते. वायफाय वापरायचं ते राउटरपासून मोबाईलपर्यंत, खोलीतल्या खोलीत. एका राउटरपासून दुसऱ्या राउटरपर्यंत जायला तारच पाहिजे. दुकानदार दाखवतोय तो मेश सेट तुमच्या घरात हवेतूनच एकमेकांशी बोलणार आणि मध्ये भिंती त्याच जांभ्याच्या आहेत, म्हणजे साडेसहा हजार जाऊनही अडचण जागच्या जागी.

पावसाचं तुम्ही लिहिलंय ते अगदी बरोबर आहे, तो भास नाही. जांभा सच्छिद्र असतो, त्यात लोह असतं आणि कोकणातल्या पावसात तो पाणी धरून ठेवतो. वायफायच्या लहरी पाण्यात जिरतात, त्यामुळं मे महिन्यात जी भिंत कशीबशी ओलांडली जाते ती श्रावणात ओलांडली जात नाही. त्यातही ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वेगवान पण भिंतीपुढं लगेच दमतं, २.४ गिगाहर्ट्झचं संथ पण जरा लांब जातं. तुमच्याकडं ओटी ते मागची खोली म्हणजे तीन भिंती, तिथं दोघांचाही निभाव लागत नाही.

आता कामाला लागू. पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा, जुन्या राउटरला आता राउटरचं काम करायचं नाहीये. इंटरनेटचं दार सांभाळणं, घरातल्या फोन-लॅपटॉपला नंबर वाटणं हे सगळं ओटीवरचा डबा करतोच आहे. जुन्यानं फक्त केबलमधून आलेलं वायफायवर सोडायचं, यालाच अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणतात. गेल्या काही वर्षांतला राउटर असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये ऑपरेशन मोड असं पान असतं, तिथं अ‍ॅक्सेस पॉइंट निवडलं की बरंचसं काम तो आपलं आपण करतो. तसं पान नसेल तर हातानं करायचं, तेही अवघड नाही, पण क्रम चुकवू नका.

आधी ओटीवरच्या डब्याचा पत्ता बघून घ्या. मोबाईल त्या वायफायला जोडा, वायफायच्या तपशिलात गेटवे म्हणून जो नंबर दिसतो तोच. समजा १९२.१६८.१.१ आहे. आता जुना राउटर घ्या, पण त्याला अजून घराच्या नेटवर्कला लावू नका. टाचणीनं त्याचं रिसेटचं बटण दहा-एक सेकंद दाबून धरा म्हणजे पुण्यातलं जुनं सगळं पुसलं जाईल. (हे फक्त जुन्या राउटरला. ओटीवरच्या फायबरच्या डब्याचं रिसेट चुकूनही दाबू नका, कंपनीनं त्यात भरलेलं सेटिंग जातं आणि मग माणूस येईपर्यंत घर बंद.) लॅपटॉपचं वायफाय बंद करून एका छोट्या केबलनं लॅपटॉप आणि जुना राउटर एवढेच दोघं जोडा. राउटरच्या पोटावर स्टिकर असतो, त्यावर त्याचा पत्ता, युजरनेम, पासवर्ड लिहिलेला असतो, तो पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की सेटिंगचं पान उघडतं.

तिथं सुरुवातीला वायफायचं नाव आणि पासवर्ड भरा, सुरक्षा डब्ल्यूपीए२ आणि एईएस ठेवा. जुन्या राउटरमध्ये टीकेआयपी किंवा डब्ल्यूईपी असे पर्याय दिसतील, ते घेऊ नका, सुरक्षेला कच्चे आहेतच, शिवाय ते लावले की वायफाय ५४ एमबीपीएसच्या जुन्या चालीवर येतं आणि लोक म्हणत बसतात राउटर म्हातारा झाला. डब्ल्यूपीएस, म्हणजे बटण दाबून पासवर्डशिवाय जोडायची सोय, बंद करा, अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला. मग लॅन या पानावर जाऊन राउटरचा स्वतःचा पत्ता बदलायचा, १९२.१६८.१.२ द्या. सेव्ह केलं की पान तुटतं, तेव्हा घाबरू नका, घराचा नंबर बदलल्यावर जुन्या नंबरवर कोण सापडणार. ब्राउझरमध्ये नवा पत्ता टाकून परत आत जा आणि सगळ्यात शेवटी डीएचसीपी सर्व्हर बंद करा, सेव्ह.

हे डीएचसीपी म्हणजे काय ते समजून घ्या कारण निम्म्या लोकांचं इथंच बिनसतं. घरातल्या प्रत्येक फोनला, टीव्हीला एकेक नंबर लागतो, तो वाटणारा म्हणजे डीएचसीपी. दवाखान्यात नंबर देणारे दोन कंपाउंडर बसले आणि दोघांनी आपापल्या वह्या उघडल्या तर बाहेर काय होईल? माझ्या माहेरी मी पहिल्यांदा दुसरा राउटर लावला तेव्हा हेच बंद करायचं राहिलं होतं. आईचा फोन चालायचा, बाबांचा नाही, टीव्ही कधी चालायचा कधी नाही, आणि वायफायला जोडलंय असं सगळीकडं व्यवस्थित दिसायचं. मी दुपारभर कंपनीच्या तक्रार नंबरवर भांडत होते. संध्याकाळी बाबांच्या फोनमध्ये गेटवे उघडून बघितला तर तिथं नव्या राउटरचा पत्ता, म्हणजे ज्याच्याकडं स्वतःकडंच इंटरनेट नाही त्याच्या दारात तो फोन जाऊन उभा होता. तेव्हापासून मी डीएचसीपी बंद झालाय हे दोनदा बघितल्याशिवाय केबल लावत नाही.

अजून एक, ओटीवरचा डबा नंबर कुठपासून वाटतो ते त्याच्या डीएचसीपीच्या पानावर बघा. २ पासून वाटत असेल तर सुरुवात २० करा, नाहीतर हाच २ नंबर उद्या एखाद्या फोनला दिला जाईल. ते पान कंपनीनं बंद ठेवलं असेल तर तुमच्या राउटरला वाटपाच्या शेवटाकडचा नंबर द्या, २५३ वगैरे, दहा-पंधरा उपकरणांच्या घरात वाटप सहसा तिथवर जात नाही.

मग केबल. तिचं एक टोक ओटीवरच्या डब्याच्या लॅन पोर्टमध्ये आणि दुसरं जुन्या राउटरच्याही लॅन पोर्टमध्ये, म्हणजे १ ते ४ लिहिलेल्यापैकी कुठल्याही. वेगळ्या रंगाचं जे एकटं पोर्ट असतं, वॅन किंवा इंटरनेट लिहिलेलं, ते रिकामं ठेवा. मी तर त्या भोकावर इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवते, कारण सहा महिन्यांनी झाडलोट करताना केबल निघते आणि कुणीतरी मदत म्हणून ती नेमकी तिथंच खोचतं.

केबल घेताना कॅट-६ घ्या आणि पूर्ण तांब्याची आहे का विचारा, दुकानदार हो म्हणेलच, तुम्ही आतली एक बारीक तार काढून ब्लेडनं खरवडा. वरून तांबूस आणि आतून चंदेरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे. स्वस्त पडतं पण वाकवलं की तुटतं, आणि कोकणच्या दमट हवेत त्याची टोकं लवकर खराब होतात. लांबी मोजताना नकाशावर मोजू नका, सुतळी घेऊन खऱ्या वाटेनं मोजा, तुमच्याकडं माळ्यावरून नेलीत तर भिंत फोडावी लागणार नाही, भिंतीच्या डोक्यावरून वाशांच्या कडेनं नेता येते. पण मोकळी सोडू नका, माळा म्हटला की उंदीर आलेच, पीव्हीसीच्या पाइपातून न्या. विजेच्या वायरला चिकटून नेऊ नका, फूटभर अंतर ठेवा, ओलांडायचीच झाली तर आडवी ओलांडा.

टोकाला कनेक्टर बसवून घ्यायला इलेक्ट्रिशियनपेक्षा सीसीटीव्ही लावणारा मुलगा बरा, त्याच्याकडं क्रिंपिंगचा पकड असतो आणि टेस्टरही असतो. कनेक्टरची खटकी मागं आणि सोनेरी पट्ट्या आपल्याकडं धरल्या की डावीकडून पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी, दोन्ही टोकांना हाच क्रम. टेस्टरचे आठही दिवे ओळीनं लागले पाहिजेत. बरेच जण घाईत चारच तारा नीट बसवतात, इंटरनेट चालू होतं म्हणून कुणाला कळत नाही, पण मग ती केबल १०० एमबीपीएसच्या पुढं जात नाही.

तुमचा जुना राउटर कदाचित फक्त २.४ गिगाहर्ट्झचा असेल आणि त्याचे पोर्टही १०० एमबीपीएसचेच असतील. तरी चालेल. व्हिडिओ मीटिंगला चार एमबीपीएससुद्धा पुरतात, तुमच्या सूनबाईंना त्याच्या कितीतरी पट मिळेल. राउटर टेबलाच्या पायाशी ठेवू नका, भिंतीवर डोक्याच्या उंचीला लावा, आणि तिच्या लॅपटॉपला लॅनचं पोर्ट असेल तर त्याच राउटरमधून एक छोटी केबल थेट लॅपटॉपला द्या, मग मीटिंगचा प्रश्नच मिटला. झालं की मला दोन ओळी लिहा गुरुजी, वाट बघते.

प्रश्न: दुसरा राउटर तुम्ही सांगता तसाच लावलाय, खाली एक, वर एक. दोन्हीकडं स्पीड मस्त आहे. पण खालून बोलत बोलत वर गेलं की फोन खालच्याच राउटरला चिकटून राहतो, वरच्या राउटरच्या शेजारी उभं राहून पण एकच कांडी. वायफाय बंद करून चालू केलं की ठीक. आणि प्रिंटर खाली आहे, वरून प्रिंट जात नाही. काय चुकलं?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: पहिल्या गोष्टीत तुमची चूक कमी आणि फोनचा स्वभाव जास्त. कुठल्या राउटरला जोडायचं हे राउटर ठरवत नाही, फोन ठरवतो, आणि जोवर जुनं नातं अगदीच तुटायला येत नाही तोवर तो दुसरीकडं बघतच नाही. अ‍ॅपलनं स्वतः लिहून ठेवलंय की आयफोन सिग्नल उणे ७० डीबीएमच्या खाली गेला की मगच दुसरा राउटर शोधायला लागतो. डीबीएम म्हणजे सिग्नलची ताकद मोजायचं माप, हा आकडा वायफाय अ‍ॅनालायझरच्या अ‍ॅपमध्ये दिसतो, उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ८० म्हणजे जवळपास गेल्यात जमा. आता तुमच्या जिन्यात उभं राहून खालच्या राउटरचा आकडा बघा, उणे ६५ असेल तर फोनच्या मते सगळं आलबेल आहे, तो का सोडेल.

म्हणून करायचं काय, तर दोन्ही राउटरची ताकद कमी करायची. ऐकायला उलटं वाटतं पण वायरलेसच्या पानावर ट्रान्समिट पॉवर असतं ते हायवरून मिडीयम करा, खालच्याचं आधी. दोन्हींचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार अक्षरशः एकसारखा पाहिजे, एकीकडं डब्ल्यूपीए२ आणि दुसरीकडं डब्ल्यूपीए३ असं नको. चॅनेल मात्र वेगवेगळे. २.४ मध्ये १, ६ आणि ११ हे तीनच असे आहेत की जे एकमेकांच्या अंगावर येत नाहीत, खाली १ ठेवा, वर ६ किंवा ११, आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ. ५ मध्ये खाली ३६ आणि वर १४९ ठेवून बघा. एवढं करूनही बोलता बोलता जिना चढताना एखादा सेकंद आवाज तुटेल, साध्या दोन राउटरमध्ये तेवढं राहतं. ते अजिबात नको असेल तर मग ८०२.११आर, के, व्ही (फोनला एका राउटरवरून दुसऱ्यावर पटकन नेण्याच्या पद्धती) असं लिहिलेला मेश संच, पण तोही याच केबलवर जोडायचा, केबल आहेच तुमच्याकडं, ती वाया जात नाही.

प्रिंटरचं कारण वेगळं आहे. मला वाटतं तुम्ही केबल वरच्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये लावलीय. तसं केलं तरी इंटरनेट चालतं म्हणून संशय येत नाही, पण मग वरचा मजला म्हणजे घरातलं वेगळं घर होतं, वरचे फोन वेगळ्या नंबरांच्या वहीत आणि खालचा प्रिंटर वेगळ्या वहीत. टीव्हीवर मोबाईलचं कास्ट करताना, घरातल्या कॅमेऱ्याचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) बघताना पण हाच त्रास होईल. वर जोडलेल्या फोनचा नंबर बघा, खाली १९२.१६८.१ ने सुरू होतो आणि वर १९२.१६८.० ने किंवा तिसऱ्याच कशानं, तर हेच आहे. केबल लॅनमध्ये घ्या, डीएचसीपी बंद, वर गुरुजींना लिहिलंय तसंच. नंबर सारखे असूनही प्रिंट जात नसेल तर कुठं गेस्ट नेटवर्क किंवा एपी आयसोलेशन चालू आहे का ते बघा, ते चालू असलं की घरातली उपकरणं एकमेकांना दिसत नाहीत.

प्रश्न: डोंबिवलीत भाड्याच्या वन बीएचकेमध्ये राहते. मालक भोक पाडू देत नाहीत, खिळा पण नाही. डबा हॉलमध्ये टीव्हीच्या मागे, बेडरूममध्ये रेंज नाही. रिपीटर घेतला आणि बेडरूममध्ये लावला, रेंज फुल दाखवते पण स्पीड काहीच नाही. पैसे वाया गेले का?
(एक वाचक)

उत्तर: वाया नाही गेले, तो जागा बदलून लावा. रिपीटर स्वतः काही निर्माण करत नाही, जे ऐकतो तेच पुढं बोलतो, आणि तुम्ही त्याला अशा ठिकाणी ठेवलाय जिथं त्यालाच नीट ऐकू येत नाही. तुमचा फोन फुल रेंज दाखवतो ती रिपीटरची, रिपीटरला मागून काय मिळतंय ते फोनला कुठं माहीत. त्याला हॉल आणि बेडरूमच्या मध्ये, दाराच्या आसपासच्या सॉकेटला लावा, जिथं मूळ वायफाय अजून बऱ्यापैकी येतंय. तरी स्पीड साधारण निम्मा होईल हे धरून चला, कारण तेच ऐकणं आणि तेच बोलणं एकाच रेडिओवर होतं, प्रत्येक गोष्ट हवेत दोनदा जाते. दोन बँडचा, म्हणजे २.४ आणि ५ दोन्हीवर चालणारा, रिपीटर असेल तर एका बँडवर ऐकून दुसऱ्यावर बोलायला लावता येतं, मग एवढा फटका बसत नाही.

पण त्याच्याही आधी एक करून बघाल का ताई, डबा टीव्हीच्या मागून बाहेर काढा. टीव्हीची पाठ म्हणजे धातूचा पत्रा, आणि वन बीएचकेमध्ये हॉल-बेडरूमच्या भिंतीला बहुतेक वेळा लोखंडी कपाट टेकवलेलं असतं, म्हणजे एकामागं एक दोन पत्रे. आरसा आणि फिशटँक असेल तर तेही मध्ये येऊ देऊ नका. डबा हलवताना ती बारीक पिवळी फायबरची वायर ओढू नका आणि दुमडू नका, ती आतून काच आहे. ती पुरत नसेल तर डबा राहू दे तिथंच, दहा मीटरची तयार चपटी लॅन केबल मिळते, ती स्कर्टिंगच्या कडेनं, दाराच्या फटीखालून जाते, खिळा लागत नाही, दुहेरी टेपवर राहते आणि घर सोडताना गुंडाळून नेता येते. तिच्या टोकाला कुणाकडंही पडलेला जुना राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट करून बेडरूममध्ये ठेवा. डोंबिवलीतल्या बिल्डिंगमध्ये शेजारपाजारची इतकी वायफाय असतात की २.४ वर गर्दीच असते, त्यामुळं फोन जमेल तिथं ५ वर ठेवा. तिथं ५ ची भिंतीपुढची कमजोरी उलट उपयोगी पडते, शेजारच्यांचं वायफाय पण तुमच्यापर्यंत पोचत नाही.

विजेच्या प्लगमधून इंटरनेट नेणारे पॉवरलाइन अ‍ॅडॉप्टर मिळतात त्याबद्दल चौघांनी विचारलंय, त्यांनाही इथंच सांगते. दोन्ही प्लग एकाच फेजवर असले आणि वायरिंग नवं असलं तर कामचलाऊ चालतात, थ्री फेजच्या घरात दोन खोल्या दोन फेजवर असल्या की बऱ्याचदा एकमेकांना ओळखतच नाहीत. परत करता येणार असतील तरच आणा.

प्रश्न: आमची द्राक्षबाग निफाड तालुक्यात. घरापासून पॅकिंग शेड १२० मीटरवर आहे, तिथं कॅमेरे आणि वायफाय पाहिजे. मागच्या वर्षी साधी लॅन केबल खांबावरून नेली होती, कधी चालायची कधी नाही, आणि एप्रिलमध्ये अवकाळी पावसात वीज कडाडली तेव्हा घरचा राउटर आणि शेडमधला स्विच दोन्ही गेले. वीज आमच्यावर पडली नव्हती, लांब पडली होती. परत केबल टाकायची का?
(एक शेतकरी वाचक)

उत्तर: नाही दादा, तांब्याची परत टाकू नका, खांबावरून पण नको आणि जमिनीतून पण नको. याबाबतीत माझं मत पक्कं आहे. एकतर तांब्याच्या लॅन केबलची मर्यादाच १०० मीटर, म्हणून कधी चालायची कधी नाही. दुसरं जास्त महत्त्वाचं. वीज लांब पडली तरी त्या लांबलचक तारेत क्षणभर मोठा दाब तयार होतो, शिवाय घराचं अर्थिंग वेगळं आणि शेडचं वेगळं, वीज पडते तेव्हा दोन्हींच्या जमिनीतल्या दाबात फरक पडतो आणि त्या दोघांना जोडणारी तुमची केबलच मधला रस्ता होते. दोन्ही टोकांची उपकरणं एकाच वेळी गेली ती त्यामुळंच. त्यावेळी कुणी कॅमेऱ्याच्या वायरला हात लावून नव्हतं हे नशीब समजा.

तिथं फायबर टाका. नाव ऐकून महाग वाटतं पण घरोघरी इंटरनेटसाठी जी काळी बारीक ड्रॉप केबल टाकतात तीच सिंगल मोडची, दीडशे मीटर घ्या म्हणजे वळणांना आणि दोन्ही टोकांना गुंडाळी ठेवायला पुरेल. दोन्ही टोकांना एकेक मीडिया कन्व्हर्टर, हा सिगारेटच्या पाकिटापेक्षा जरासा मोठा डबा, एका बाजूनं फायबर आणि दुसऱ्या बाजूनं साधी लॅन केबल. जोडी म्हणूनच मागा, ए आणि बी असे दोन वेगळे असतात, दोन्ही ए आणलेत तर चालत नाहीत. घरी कन्व्हर्टरमधून राउटरच्या लॅन पोर्टला, शेडमध्ये कन्व्हर्टरमधून दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून आणि त्यातूनच कॅमेऱ्यांचा डीव्हीआर. काचेतून प्रकाश जातो, वीज जात नाही, त्यामुळं शेडवरचा झटका घरापर्यंत येत नाही. एकच काळजी, या ड्रॉप केबलच्या कडेला आधाराला स्टीलची तार असते, ती सोलून बाहेरच्या खुंटीलाच बांधा, डब्यात किंवा घरात नेऊ नका. टोकं जोडायला तुमच्या गावातला केबलवाला किंवा फायबरवाला स्प्लायसिंगचं, म्हणजे काचेची टोकं वितळवून जोडायचं, मशीन घेऊन येतो, टोकं झाल्यावर त्याच्याकडून मीटर लावून सिग्नल बघून घ्या आणि मगच पैसे द्या.

हवेतून जाणारा ५ गिगाहर्ट्झचा आउटडोअर ब्रिज पण मिळतो, समोरासमोर दोन अँटेना, मध्ये काही आडवं नसेल तर १२० मीटर त्याला काहीच नाही. पण शेड आणि घराच्या मध्ये शेवरी किंवा सुबाभूळ असेल तर पाला फुटल्यावर आणि ओला झाल्यावर सिग्नल मरतो, आणि अँटेना उंच लोखंडी पाइपावर लावावी लागते म्हणजे परत विजेची भीती आलीच. बागेत फवारणीचा ट्रॅक्टर फिरतो, म्हणून फायबर खांबावरून नेताना ट्रॅक्टरच्या टपापेक्षा चांगली वर ठेवा.

प्रश्न: लाइट गेली की इन्व्हर्टरवर पुढचा राउटर चालतो पण मागचा (दुसरा) बंद पडतो. राउटरचा छोटा यूपीएस आणला १२ व्होल्टचा, पिन बसते. लावू का?
(एक वाचक, परभणी)

उत्तर: थांबा, लावू नका, आधी मागच्या राउटरचा अ‍ॅडॉप्टर हातात घ्या आणि त्यावर आउटपुटपुढं काय छापलंय ते वाचा. जुने राउटर पुष्कळदा ९ व्होल्टचे असतात, काही ५ चे पण, आणि पिन तीच बसते, त्यामुळं पिन बसली म्हणजे चालतं असं धरू नका. ९ च्या राउटरला १२ दिले तर काही वेळा चालतो आणि काही वेळा जळका वास येतो. व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, अँपिअर यूपीएसचे जास्त असले तर हरकत नाही, कमी नकोत. पिनच्या मध्यभागी प्लस आहे की मायनस याचं छोटं चित्र पण अ‍ॅडॉप्टरवर असतं, तेही जुळवा. ५, ९ आणि १२ अशी तिन्ही टोकं असलेले यूपीएस मिळतात, तुमच्या दुकानदाराकडून बदलून तसला घ्या, बिल असेलच. आणि मध्ये कुठं स्विच किंवा मीडिया कन्व्हर्टर लावला असेल तर त्यालाही बॅकअप द्या, नाहीतर दोन्ही राउटर चालू राहतात, वायफाय फुल दाखवतं आणि मधला डबा बंद म्हणून मागच्या खोलीत इंटरनेट नाही.